बॉनेट गरम का होतं

मिस्त्री : हात ठेवा ना ताई. ठेवा, चटका नाही बसायचा.

नर्स : गरम आहे.

मिस्त्री : आहे ना? हातच्या कांकणाला आरसा कशाला! सकाळी साडेसहाला तुम्हाला झोपेतून उठवून इथवर आणलं ते गार इंजिन बघायला. जुनं डिझेल इंजिन रात्रभर उभं राहिलं की पहिल्या किल्लीला कसं उठतं, किती धूर टाकतं, त्यात त्याच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. आणि काकांनी त्याला आधीच उठवून, तोंड धुऊन बसवलंय.

काका : उठवलंय हे खरं. पण फसवायला नाही हो. तुम्ही आधी आत या. चहा टाकतो. तीन कप काढूनच ठेवलेत.

मिस्त्री : चहा नंतर. काल फोनवर मी स्वतः बजावलं होतं, मी येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नका.

काका : बजावलं होतंत. लक्षातही होतं. पण सहाला मी रोज निघतो. पाच वर्षांत एक दिवस खाडा नाही.

नर्स : कुठे निघता, काका?

काका : तळ्यावर. आमची मंडळी जमतात तिथे. सगळे निवृत्त. दोन फेऱ्या मारायच्या, सरकारला शिव्या द्यायच्या आणि घरी. आत्ताच आलो परत. म्हणून गरम.

मिस्त्री : तळ्यावर?

काका : हो. पलीकडच्या चौकातून डावीकडे.

मिस्त्री : मला माहीत आहे तळं. बरं, बरं. ताई, तुम्ही इथे नव्या ना?

नर्स : तीन महिने झाले. मला अजून औषधाचं दुकान आणि घर, एवढंच सापडतं.

काका : तुम्हीही तेच म्हणणार का, 'कळवतो'? तीन आठवड्यांत नऊ गिऱ्हाइकं आली, सगळी सकाळीच. प्रत्येकानं आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवला, एकमेकांकडे बघितलं, आणि 'कळवतो' म्हणून गेले. मला वाटलं, गाडी बघायची ही काहीतरी पद्धत असेल.

मिस्त्री : पद्धतच आहे. बॉनेट गरम म्हणजे विकणारा काहीतरी लपवतोय.

काका : अहो, मग एकानं तरी तोंडानं सांगायचं!

मिस्त्री : कोण सांगतंय? लोकांना गाडी बघायची असते, भांडण नको असतं. माझं तसं नाही. मला ताईंनी भांडायचे पैसे दिलेत.

नर्स : मिस्त्री!

काका : बोलू द्या त्यांना. मी तीस वर्षं नकाशे काढले, ताई. पुलांचे, टाक्यांचे. रेघ केसभर हलली तर मला रात्री झोप लागायची नाही. गाडीही तशीच ठेवलीय. अकरा वर्षांची आहे, एक ओरखडा दाखवा. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मागच्या बाजूला तसंच आहे.

मिस्त्री : ते बघितलं. बाहेरून नवरीच आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा नसला म्हणजे झालं. मीटर एक्केचाळीस हजार. फिरवलेलं नाही ना?

काका : मी? मीटर?

नर्स : काका, रागावू नका. रंगाचं मला काही नाही. उद्या कुणी खिळ्यानं नाव कोरलं तरी चालेल. मला वाटेत बंद न पडणारी गाडी हवी, बास. मी नर्स आहे. माझं प्रसूतिकेंद्र इथून बासष्ट किलोमीटरवर. तिथे राहायची सोय नाही, आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा. बाकी वेळ मी. मधले चाळीस किलोमीटर ना घर ना दुकान. गेल्या महिन्यात माझी जुनी गाडी तिथेच बसली.

काका : अरेरे. मग?

नर्स : मग काय. दोन तास रस्त्याच्या कडेला. फोन हातात होता, चार्जिंग होतं, नावं दोनशे होती. कुणाला लावला तर तो उठून येईल, असं एकही नाव सापडेना. शेवटी दुधाच्या टेम्पोनं सोडलं. पोहोचले तर बाई कॉरिडॉरमध्येच बाळंत झालेली. सोबतीला झाडूवाल्या मावशी. त्यांनी बाळ स्वतःच्या पदरात धरलं होतं.

काका : आणि बाळ?

नर्स : दोघंही वाचली. पण दरवेळी मावशींच्या नशिबावर नाही ना सोडता येत. सध्या रुग्णवाहिका येता-जाता सोडते मला, तीही एक तारखेपर्यंत. आज चोवीस.

मिस्त्री : ऐकलंत, काका? म्हणून मी गरम इंजिनावर खूश नाही. आता किल्ली द्या. ही बघा ऑइलची पट्टी. खूण कुठे आहे आणि ऑइल कुठे आहे?

काका : खुणेच्या वर. म्हणजे चांगलंच की. कमी पडलं तर वाईट.

मिस्त्री : ऑइल आपोआप कमी होतं, काका. आपोआप वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात कुणीतरी पाहुणा घुसलाय. वास घ्या, ताई.

नर्स : डिझेलचा येतोय.

मिस्त्री : बरोब्बर. आता सुरू करतो. इकडे या, हे ऑइलचं झाकण उघडल्यावर बघा. भाताच्या कुकरसारखी वाफ येतेय. आणि हा माझा रुमाल सायलेन्सरसमोर धरतो… हे घ्या. काजळ घालून घ्या डोळ्यांत.

नर्स : एवढं काळं?

मिस्त्री : एक्केचाळीस हजारांत एवढं नाही होत. कुठेतरी पाणी मुरतंय. चला, ताई, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. काका, मागे बसा. तळ्यापर्यंत चक्कर मारून येऊ.

काका : तळ्यापर्यंत कशाला? इथेच, गल्लीच्या टोकापर्यंत जा ना.

मिस्त्री : रोजचा रस्ता आहे तिच्या पायाखालचा. बसा.

नर्स : बेल्ट लावा, काका. निघू?

काका : जपून. ते समोरचं… अरे, हे दुकान कधी झालं इथे?

मिस्त्री : कुठलं?

काका : हे. मोबाइलचं. इथे सायकलवाला होता ना.

नर्स : मी आले तेव्हापासून तर हेच आहे.

मिस्त्री : चढ आलाय, ताई. दाबा. पूर्ण दाबा.

नर्स : दाबलंय. उचलत नाहीये. हे पिवळं काय लागलं?

मिस्त्री : लागणारच. दम लागलाय तिला. पुढे चौकातून डावीकडे घ्या… हां. आता हळू. इथे बाजूला थांबवा. काका, आलं तळं. मंडळी कुठे बसतात, दाखवा.

काका : ही भिंत कसली?

मिस्त्री : आतमध्ये सात इमारती उभ्या राहताहेत त्याची.

काका : आणि पाणी?

मिस्त्री : तळं बुजवून दोन वर्षं झाली, काका.

नर्स : मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं?

मिस्त्री : माझं गॅरेज मागच्याच रस्त्यावर आहे. यांनी तळ्याचं नाव घेतलं तेव्हाच म्हटलं, बघू तरी म्हातारबा कुठपर्यंत ताणतात. पण असा चेहरा होईल असं नव्हतं वाटलं. काका? पाणी प्या. ही घ्या बाटली.

काका : परवाच मी तिला सांगितलं, यंदा पाणी पायऱ्यांना लागलंय म्हणून.

नर्स : कुणाला?

काका : बायकोला. ती आमच्या मुलीकडे असते, परदेशात. पहिल्या नातीच्या वेळी तीन महिन्यांसाठी गेली. मग नात लहान, मग दुसरी झाली, मग मुलीची नोकरी, मग जावयाचं गाव बदललं. असे ते तीन महिने, पाच वर्षं चाललेत.

नर्स : आणि सहा वाजता?

काका : तिचा फोन येतो. तिथे तेव्हा संध्याकाळ असते, पोरी खेळायला गेलेल्या असतात. सुरुवातीला रोज एकच प्रश्न, एकटे काय करता हो दिवसभर? आणि रडायची. मी खरोखरच तळ्यावर जायचो तेव्हा. तिघं होतो आम्ही. एक दिवस तिचा फोन गाडीत असताना आला. मागे इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाली, बाहेर निघालात वाटतं? एवढी खूश झाली! त्या दिवशी रडली नाही. मग मी रोज निघायच्या वेळीच फोन घ्यायला लागलो.

मिस्त्री : आणि ते दोघं?

काका : एक मुलाकडे गेला. एक गेलाच. मग मी एकटाच जाऊन बाकावर बसायचो. पुढे तेही नको वाटायला लागलं. चार वर्षांपूर्वी एके दिवशी फाटकातून गाडी बाहेर काढलीच नाही. जागेवर सुरू केली, आत बसलो, बोललो, बंद केली. तिला काय, आवाज आला म्हणजे झालं. 'कुठे निघालात?' 'तळ्यावर. मंडळी थांबलीत.' आणि गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरनं लायसन्सचा कागद सही न करता परत दिला. चालवता येत नाही म्हणून गाडी शेवटी विकायला काढली, तेही तिला सांगितलेलं नाही.

नर्स : म्हणजे गाडी उभी. रोज. चालू.

काका : अर्धा तास. कधी दहा मिनिटं जास्त, धाकटीचं काही कौतुक असलं तर.

मिस्त्री : आईशप्पथ! म्हणजे हे असं आहे होय. मी सकाळपासून म्हणतोय, कमी पळालेली गाडी एवढी काजळी कुठून आणतेय.

काका : मला वाटायचं, रोज सुरू केली की चांगली राहते. बॅटरी उतरत नाही.

मिस्त्री : बॅटरी राहते. इंजिन मरतं. डिझेलला उभ्या उभ्या चालवलेलं सोसत नाही, काका. ते नीट तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, काजळी आतल्या आत बसते, उरलेलं झिरपून ऑइलमध्ये उतरतं. काजळी धरायला एक जाळी असते, ती लांबच्या रस्त्यावर तापून साफ होते. तुमची चार वर्षं तुंबतेय. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशी गत केलीत तुम्ही.

काका : रोज अर्धा तास. चार वर्षांचे सातशे तीस तास. चाळीसच्या वेगानं धरले तर… एकोणतीस हजार दोनशे किलोमीटर. म्हणजे मीटर एक्केचाळीस म्हणत असलं तरी इंजिन सत्तर हजारांना आलंय.

मिस्त्री : आणि तेही वाईटातले सत्तर.

काका : एकोणतीस हजार किलोमीटर गेलो मी. फाटकाच्या आत.

नर्स : काका, त्यांना सांगितलं असतंत की एकटं वाटतं, तर त्या आल्या असत्या ना?

काका : म्हणून तर नाही सांगितलं. तिथे दोन लहान पोरी आहेत. ती निघाली तर मुलीचं घर कोलमडतं.

नर्स : निदान कधी येणार, हे तरी विचारायचं.

काका : नाही विचारलं.

नर्स : पाच वर्षांत एकदाही?

काका : ताई, तुम्ही फोनमधल्या दोनशे नावांपैकी किती जणांना लावून पाहिलात त्या दिवशी?

नर्स : एकालाही नाही.

काका : का?

नर्स : …लावला असता आणि नाही म्हणाले असते, तर त्यानंतर त्या नावाचं काय करायचं?

काका : झालं तर. मीही तोच हिशेब केला. विचारलं नाही, तोवर ती येईल असं धरून चालता येतं. विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर सहा वाजता फोन घ्यायचा कशासाठी?

मिस्त्री : घरी घ्या गाडी, ताई. हळू घ्या. वळताना मागे बघा, रिक्षा आहे.

नर्स : बघितली.

काका : ही मोबाइलच्या दुकानाची पाटी मला बसल्या जागेवरून वाचता येत नाही. म्हणजे डॉक्टर बरोबरच होता.

नर्स : मिस्त्री, स्पष्ट सांगा. ही बरी होईल?

मिस्त्री : होईल. हिला रोग उभं राहण्याचा आहे, औषध रस्ता. जाळी काढून धुवायची, इंजेक्टर साफ करायचे, ऑइल आत्ता बदलायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. मग रोज लांबचा रस्ता. तुमचे बासष्ट किलोमीटर म्हणजे हिला अमृत. दोन महिन्यांत सुधारेल.

नर्स : आणि त्या दोन महिन्यांत?

मिस्त्री : शंभरदा नेईल.

नर्स : आणि एकदा?

मिस्त्री : एकदा बसू शकते. त्याची हमी मी नाही देणार. खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

काका : घ्या ताई, गाडी आत घ्या. फाटक उघडतो मी.

नर्स : काका, थांबा. मला तुम्हाला 'कळवते' म्हणायचं नाहीये.

काका : कळलं मला.

नर्स : नाही, ऐका. गाडी मला आवडलीय. तुम्हीही… मला वाटत होतं घ्यावी. कुणाच्या तरी हातची, जपलेली. पण ती एकदा बसणार, ती वेळ कुठली असेल मला ठाऊक नाही. पुढच्या पंधरवड्यात माझ्याकडे तीन बायका आहेत, एकीला जुळं आहे. त्यांना मी काय सांगू, गाडी बिचाऱ्या एका चांगल्या माणसाची होती म्हणून?

काका : बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर पिवळा दिवा लागला तिथेच उतरलो असतो. किल्ली राहू द्या त्या कोनाड्यात. चहा तरी?

नर्स : मला नऊला केंद्रावर पोहोचायचंय. रुग्णवाहिका चौकात थांबलेली असेल. रागावलात?

काका : नाही हो. दहा जणांत पहिल्यांदा कुणी नाही म्हणून गेलं. बरं वाटतं ते. जा तुम्ही. आणि त्या दोनशेंपैकी एखाद्याला सहज लावून बघा. गाडी चालू असताना. म्हणजे, तुम्हाला काही नको असताना.

नर्स : बघते. येते, काका.

काका : मिस्त्री, तुम्ही? तुम्हाला तर कुठे पोहोचायचं नाही.

मिस्त्री : मला नऊला शटर उघडायचंय. अर्धा कप द्या. इथेच देता का? पायरीवर बसतो, हात काळे आहेत.

काका : आणतो. साखर?

मिस्त्री : दोन चमचे. काका, एक सांगू? उद्यापासून सहाला किल्ली लावू नका. पिवळा दिवा लागलाय, अजून पंधरा दिवस असंच केलंत तर भंगारवालासुद्धा हात लावून बघेल आणि 'कळवतो' म्हणेल. लावायचीच असेल तर हायवेवर नेऊन तासभर पळवून आणा.

काका : लायसन्स नाही.

मिस्त्री : मग कुणाला तरी चालवायला सांगा.

काका : कुणाला?

मिस्त्री : चहा चांगला आहे. कडक.

काका : अजून आहे. तिसरा कप तसाच राहिलाय.

मिस्त्री : नको, ॲसिडिटी होते. परवा माणूस पाठवतो, गाडी ओढून न्यायला. धुऊन, पुसून, पळवून दोन महिन्यांत विकून देतो मी. पण गिऱ्हाइकाला सगळं सांगणार हां, मी लपवाछपवी करत नाही. जाताना बॅटरीची तार काढून ठेवू का? म्हणजे सवयीनं हात जाणार नाही.

काका : काढा.

मिस्त्री : नक्की? उद्या सहाला फोन येईल. काय सांगाल?

काका : काढा तुम्ही.

मिस्त्री : काढली. चलतो. फाटक ओढून घेतो बाहेरून.

(मिस्त्रींची स्कूटर गल्लीबाहेर जाते. काका पायरीवरच बसून फोन लावतात.)

काका : हॅलो. अगं, मीच… नाही नाही, काही झालेलं नाही. तब्येत उत्तम. पोरी झोपल्या का?… मग हळू बोल. मीही हळू बोलतो.

काका : कुठे निघालो नाहीये. घरीच आहे… आवाज कसा येईल, गाडी बंद आहे. तार काढलीय तिची. सांगतो सगळं. आज बरंच काही सांगायचंय, पण तू रडणार नसशील तर.

काका : नाही गं, मंडळी नाहीत. मंडळी केव्हाची नाहीत. तळंही नाही. आजच बघून आलो… हो. हो, खोटं बोललो. रोज. आता रागव नंतर, आधी माझं ऐक. एकच विचारायचंय, आणि तू लगेच उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मी इथेच बसलोय.

काका : तू कधी येतेस?